नकाशातल्या दोन रेघा

मी, शहराच्या पाणी व गॅस खात्यातला निवृत्त चावीवाला, वय वर्षे शहात्तर, संपूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना (बायको शेजारच्या खोलीत आहे, तरीही) हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. याआधीचं एखादं निघालंच, तर ती माझ्या मेहुण्याची करामत समजावी.

१. राहतं घर आणि बँकेत असेल ते बायकोच्या नावे, तिच्या पश्चात मुलीच्या. स्वयंपाकघरातला नळ गळतो, याची मला कल्पना आहे. साऱ्या गावाचे नळ दुरुस्त केले आणि दिव्याखाली अंधार, हे तिनं मला तीस वर्षं ऐकवलं. आता नळासकट सगळं तिचंच.

२. पान्यांची पेटी मुलाला. तो दिवसभर खुर्चीत बसतो, पाना कुठल्या बाजूने फिरवायचा हे त्याला ठाऊक नाही. निदान पेटी उचलून व्यायाम होईल.

३. मेहुण्याला माझी शिडी. बारा वर्षांपूर्वी त्यानं ती नेलीच आहे, आता उजळ माथ्यानं वापरावी.

४. हे कलम लांबेल, वकीलबाईंनी धीर धरावा. आमच्या खात्याची सुरुवात रस्त्यावरच्या गॅसच्या दिव्यांनी झाली, पाणी मागाहून आलं. एका छपराखाली दोन सवती नांदाव्यात तसे दोन विभाग. गॅसवाले आम्हा पाणीवाल्यांना बेडूक म्हणत, आम्ही त्यांना फुगे. पुढे दिवे विजेवर गेले आणि गॅसचे जुने पाइप जमिनीतच राहिले. मग नवे नकाशे काढायचं ठरलं: पाण्याची रेघ निळी, बंद गॅसची लाल. हॉस्पिटलसमोरचा रस्ता माझ्या वाट्याला आला. माझं लग्न नुकतंच ठरलं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. मी रंग उलटे भरले.

पुढच्याच महिन्यात गॅसच्या मिस्त्रीनं लाल रेघ बघून पाइपाला करवत लावली आणि आतून पाणी उसळलं. हॉस्पिटल दोन दिवस कोरडं. चौकशी झाली, मिस्त्रीची मुकादमी गेली. नकाशावर कोणाचीच सही नव्हती, मी मूग गिळून बसलो. चूक कोणाची हे त्याला पक्कं माहीत होतं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "आठ दिवसांवर लग्न आहे ना तुझं? जा घरी." पन्नास वर्षं तो आमच्याकडे चहाला येतो आणि ती गोष्ट काढत नाही. मला माझी लाज वाटते.

सबब, माझ्या मृत्यूनंतर हे कलम खात्याच्या कचेरीत मोठ्यानं वाचावं आणि मिस्त्रीच्या नावावरचा ठपका पुसावा.

५. वरचं कलम मी मोठ्यानं वाचलं, ते ऐकून बायको आतून म्हणाली, "अहो, मेल्यावर खरं बोलणार? आणि मिस्त्रीभाऊजी आधी गेले तर?" तेव्हा कलम चारमधलं शेवटचं वाक्य रद्द. उद्या सकाळी दहाला मी स्वतः कचेरीत जाऊन लेखी देईन.

६. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असं वकीलबाई सांगतात. म्हणून मिस्त्रीला या कागदात काहीही दिलेलं नाही.

सही: निवृत्त चावीवाला
स्थळ: राहतं घर, जेवणाचं टेबल
तारीख: ११ नोव्हेंबर, दुपारी तीन

साक्षीदार एक: वकीलबाई.

साक्षीदार दोन: गॅसचा मिस्त्री, निवृत्त. यांनी कलम चार दोनदा वाचलं, चष्मा पुसला, सही केली आणि म्हणाले, "उद्या कशाला, बेडका? कचेरी पाचपर्यंत उघडी असते. ऊठ, चपला घाल."