मेणखडूचे गोल

४ मार्च

दादाने फोन आपटला. "तुझ्या बायकांना सांग, माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही!"

माझा सख्खा भाऊ! कॉलऱ्याची साथ त्याच्याच गल्लीत, ऐंशी ओलांडलेले बाबा त्याच्याकडे – आणि साथीत लोकांशी कसं बोलावं हे आरोग्यसेविकांना शिकवणार कोण, तर मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

५ मार्च

कारण कळलं, वहिनीकडून. ज्या घरी माहिती देऊन झाली त्या दारावर सेविका निळ्या मेणखडूने गोल काढतात. पर्यवेक्षकाला कळावं, हे घर झालं, म्हणून. कार्यालयाची जुनी पद्धत, मीही तशीच शिकवली. गल्लीने मात्र आपला अर्थ लावला – ज्या दारावर गोल, त्या घरात रोग! दादाच्या शिलाईच्या दुकानातून गिऱ्हाइकं न शिवलेलं कापड परत घेऊन गेली. "एकीने तर चिमटीत धरून नेलं हो वन्सं," वहिनी म्हणाली. हसली, मग रडली.

आता कुणाला जुलाब झाले तर लोक लपवणार. दादाही लपवेल. बाबांच्या वयात एक दिवस उशीर म्हणजे – लिहवत नाही.

६ मार्च

साहेब म्हणाले, "नव्या खुणा बंद करा. जुन्या राहू द्या, जातील पावसाने." मेणखडू पावसाने जातो होय!

७ मार्च

वर्गात रोज कुणीतरी चिडलेला घरमालक होतं आणि सेविका त्याला समजावते. आज मी झाले. दादाच झाले. टेप गळ्यात, तोंडात त्याचे शब्द.

समोर सेविका म्हणून पोपट. पत्रक घडाघडा म्हणते म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं नाव, तिलाही आवडतं. "काका, पाणी उकळून प्यावं, जुलाब सुरू होताच मीठ-साखरेचं पाणी –"

"पाणी राहू दे! माझं गिऱ्हाईक गेलं, ते कोण आणून देणार?"

वर्ग हसला. मी नाही. आवाज चढतच गेला माझा. रागाच्या तळाशी पोचले, तर तिथे राग नव्हताच. लाज होती. चार लोकांत मान खाली गेल्याची लाज. इतकी वर्षं "नकार देणारी कुटुंबं" हा धडा शिकवते आहे, त्या नकाराच्या आत आज पहिल्यांदा उभी राहिले.

पोपटने पत्रकाची घडी घातली. म्हणाली, "काका, चूक आमची आहे. गोल आम्ही पुसू?"

"नुसत्या पुसण्याने नाही निघत गं, घासावं लागतं!" मागून कुणीतरी.

"मग घासू!"

९ मार्च

घासलं! बादल्या, साबण, घासण्या – भर दिवसा, सगळ्यांसमोर. मेणखडू भलता चिवट. एकेका दाराला इतका वेळ लागतो, तेवढा वेळ माणूस गप्प कसा बसेल! लोक बाहेर आले. "रंग नका काढू हं बायांनो!" एक आजी म्हणाल्या, "शेजारणीचंही घासा, नाहीतर जळून मरेल ती." बोलता बोलता गाडी आपोआप पाण्यावर आली. आज ते विचारत होते आणि आम्ही सांगत होतो. असं कधी झालंय?

दादाचं दार मी घेतलं. तो मशीनवर, मान वर नाही. घासून होत आलं तेव्हा म्हणाला, "खालच्या बाजूला राहिलंय." बस्स. आतून बाबा – "हिने लहानपणी घरातलं एक भांडं घासलं नाही!" दादाच्या मिशा हलल्या.

मीठ-साखरेच्या पाण्याचं अवाक्षर काढलं नाही मी. धीरच झाला नाही. निघताना वहिनीनेच विचारलं, किती पाण्यात किती घालायचं. मी सांगत होते तेव्हा दादाची कात्री थांबली होती.

१० मार्च

त्याचा फोन नाही. आपणहून करायचा नाही, असं स्वतःला बजावलंय.

१२ मार्च

सकाळीच दादाचा फोन. "बाबांना पहाटेपासून जुलाब. तुझं ते पाणी चमच्याचमच्याने देतोय, पितायत. गाडी पाठव. गल्लीबाहेर नको थांबवू, थेट दाराशी येऊ दे – शेजाऱ्यांना मीच सांगितलंय."

निघाले.