पदर डोक्यावर घेतला की

॥ आई एकविरा प्रसन्न ॥
करंजा, ता. ४ डिसेंबर २०२४

चि. रूपेश यास रोहिणीबायचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आमी सगळी बरी हाव. तुझं तूच जाणे, कारण फोन उचलशील तर शपथ! परवा उचललास, तर मी विचारलं जेवलास का, आणि तू म्हणालास पुढच्या रविवारी. मोठा माणूस झालास बाबा. म्हणून शेवटी कागद घेतला. शाळा सुटल्यापासून एवढं लिहिलं नाय, चुका काढू नकोस.

रियाचं ठरलं. मुलगा मोरा गावचा, मिथुन नाव, बंदरात कामाला हाय. हळद फेब्रुवारीत. मामा वाजवणार नसेल तर पाटावर बसणारच नाय, असं तुझी भाची म्हणते. बेंजो पार्टीत ढोलकी वाजवलीस, ऑर्केस्ट्रात ड्रम, मुंबईच्या स्टुडिओत सिनेमाला पखवाज. अर्ध्या तालुक्याच्या हळदीला तुझी गाणी लागतात. मग सख्ख्या भाचीला एक नवं गाणं नको?

धवला गोदूआत्याच म्हणणार. ऐंशी उलटली, पण लग्नाच्या जुन्या गाण्यांचा अख्खा धवला आता तिलाच येतो. तो चालू असताना वाजप बंद, हे तुझ्या पार्टीवाल्या कल्पेशला बजावून ठेव. मागे एका पार्टीने मध्येच ठोकलं आणि धवला तुटला. तुटलेला धवला नवरीला बाधतो म्हणतात. त्या नवरीची आई अजून त्या पार्टीच्या नावाने बोटं मोडते.

पत्राला उत्तर दे, नायतर कान धरायला तिथे येईन.
तुझी बाय

रोडपाली, ता. १६ डिसेंबर २०२४

ती. रोहिणीबायस सा. न. वि. वि.

कान धरायला येशील हे वाचून आधी हसलो. बाय, त्या कानांत आता धरण्यासारखं काही राहिलं नाही. उजवा कधीच गेला, डावा चाललाय. खारघरच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दाखवलं की गेलेलं परत येणार नाही. मशीन लावून पाहिलं, तर ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. इतकी वर्षं स्पीकरच्या भिंतीपुढे बसलो, दुसरं काय होणार?

हे कुणालाच माहीत नाही. स्टेजवर चपला काढून बसतो, फळीतून बेस तळपायाला लागतो. बाकी कल्पेशच्या मानेवर लक्ष ठेवतो. कीबोर्ड वाजवताना तो मान झटकतो, तिथे सम. कळलं तर तो मला दुसऱ्या दिवशी घरी बसवेल, आणि त्याचं चूक नसेल. पण मला वाजवण्याशिवाय येतं काय?

रियाचं गाणं झालं. डोक्यात अजून सगळं स्वच्छ ऐकू येतं. भीती एकच, धवल्याची. तेव्हा कल्पेशची मान हलत नाही, फळीही गप्प. थांबायचं कधी आणि परत उचलायचं कधी, हे मला कळणार कसं? भावोजींनाही सांगू नकोस.

तुझी माया आहे तशी असू दे.
तुझा रूपेश

करंजा, ता. २ जानेवारी २०२५

चि. रूपेश यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता कालवण करपलं. डोळे का लाल म्हणून तुझ्या भावोजींनी विचारलं, तर कांद्यावर ढकललं. मेल्या, एवढे दिवस गप्प बसलास, मी मेले होते काय?

आता नीट वाच. मी नवरीची आई, तुझ्या समोरच पाटाशी उभी असेन. मी पदर डोक्यावर घेतला की थांब. पदर खाली आला की वाजव. बायका पदर घेतात, सोडतात, कोणाच्या ध्यानात येणार नाय. दुसऱ्या कुणाकडे बघू नकोस. आरशासमोर करून पाहिलं, तर रिया म्हणते, आई, आत्तापासूनच वेडी झालीस का?

एकविरेला नारळ बोलले हाय. घाबरू नकोस.
तुझी बाय

रोडपाली, ता. २७ फेब्रुवारी २०२५

ती. रोहिणीबायस सा. न. वि. वि.

तुझे फोन येतात, स्क्रीन पेटताना दिसते. उचलून काय करू?

दोष तुझा नाही, हे आधी लिहितो. रियाचं गाणं झकास झालं, सगळी नाचत होती. तू पदर घेतलास, मी थांबलो. गोदूआत्याचे ओठ हलायला लागले. मी तुझ्याकडेच बघत होतो. तुला रडू आलं हे मला कळलंच नाही गं. डोळे पुसायला तू पदर ओढलास आणि तो खांद्यावर आला, एवढंच दिसलं. मी दोन्ही स्टिका उचलल्या आणि जीव ओतून वाजवलं. मग सगळी तोंडं माझ्याकडे वळली. आत्याचं तोंड उघडंच राहिलं होतं.

मिथुनच्या काकाने हाताने बाटलीची खूण केली. तेव्हा तू ओरडलीस की तो प्यालेला नाय, त्याला ऐकू येत नाय. तुझे ओठ मला वाचता आले. माझी अब्रू वाचवायलाच बोललीस. पण मागे कल्पेश उभा होता.

तो चांगला वागला. घरी आला, माझ्या मुलाबाळांची चौकशी केली, आणि माझे सगळे ठेके एकदा पॅडच्या मशीनमध्ये रेकॉर्ड करून मागितले. मी दिले. आता तो बटण दाबतो आणि मी वाजतो.

रियाला म्हणावं, मामाला माफ कर.
तुझा रूपेश

करंजा, ता. १० ऑक्टोबर २०२५

चि. रूपेश यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

रियाला दिवस गेलेत. तब्येत बरी हाय, पण ओकारी आली तरी सासू धवल्याचं नाव काढते. पोर फोनवर हसते आणि लगेच फोन ठेवते. तिचं गाणं गावोगाव लागतं. मे महिन्यात शेजारच्या कादंबरीच्या हळदीला लागलं. मशीन होती, पण हात तुझा, मी ओळखला. जेवण न करताच घरी आले.

गोदूआत्या अंथरुणाला लागली. एकच घोकते, की जिथे तुटला तिथून धवला पुरा केल्याशिवाय मी जायची नाय. डोहाळेजेवणाला तिला खुर्चीत बसवून आणणार हाव. वाजवणारा समोर बसलेला पाहिजे, असं तिचं म्हणणं. ये ना रे. नुसता बस. मी आता पदराला पिना लावते.

वाट बघते.
तुझी बाय

रोडपाली, ता. २४ ऑक्टोबर २०२५

ती. रोहिणीबायस सा. न. वि. वि.

मी येत नाही. समोर बसलो तर सगळी माझ्या हातांकडे बघतील, आणि रियाच्या सासूला आणखी एक निमित्त मिळेल.

तळोज्याला एका कारखान्यात लागलोय. पहिल्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना कानात घालायचे बोळे वाटले, इथे आवाज फार आहे म्हणून. मी पण मुकाट्याने घातले. इथे कुणालाच काही ऐकू येत नाही, त्यामुळे मी बरा चालतो.

एक गोष्ट तुलाच सांगतो. डोक्यातलंही आता पुसट होतंय. रियाच्या गाण्याची चाल परवा आठवायला बसलो, तर धृपदाच्या पुढे गेलीच नाही. वाटलं होतं की तेवढं तरी माझ्याकडे राहील. कुणी गुणगुणून दाखवायचीही सोय नाही.

आत्याला म्हणावं, धवला म्हण, सगळा म्हण. तू तिच्यासमोर उभी राहा आणि पदर डोक्यावर घे. तो पुरा होईपर्यंत खाली येऊ देऊ नकोस, रडू आलं तरी. मी थांबलेलाच आहे.

लोभ होता तसाच राहू दे.
तुझा रूपेश