गोसाइंकुंडच्या सभेला जाताना

३ असोज, धुंचे, पहाट

आजपासून रोजनिशी. मोठ्या चळवळींची सुरुवात अशा लहान वह्यांतूनच होते, हे मी पुष्कळ चरित्रांत वाचलं आहे.

आठ तारखेला वर गोसाइंकुंडाच्या काठी लॉजवाल्यांची सभा. सीझनआधी कमिटीचा अध्यक्ष निवडायचा आहे. मी उभा आहे. मुद्दा एकच: चंदनबारीच्या वर एकाही लॉजने पाहुण्याला रक्सी पाजू नये. हवा विरळ, त्यात दारू, मग डोक्यात हातोडे. माझ्या लॉजमध्ये उतरणाऱ्या प्रत्येक गोऱ्याला मी हे वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. स्वतः कुंडापर्यंत कधी गेलो नाही, पण सेनापतीला नकाशा पुरतो.

प्लॅन: आज चंदनबारी, उद्या चोलांगपाटी, मग लौरीबिना, मग कुंड. एक दिवस भाषणाच्या तालमीला.

बायको फूलमायाही येते आहे. लॉज कागदोपत्री तिच्या नावावर, त्यामुळे मत तिचं. विरोधक लौरीबिनाचा छेवांग. त्याला सलग चार वाक्यं बोलता येत नाहीत. कीव येते.

३ असोज, देउराली, संध्याकाळ

चंदनबारी राहिली. कारण राजकीय.

वाटेत सानुकांछी आमाचं लॉज. उमेदवार मतदाराच्या दारावरून तसाच पुढे गेला, तर काय राहिलं? आणि आमच्याकडे चुलीपाशी बसलेल्या पाहुण्याचा ग्लास तीनदा भरल्याशिवाय त्याने उठायचं नसतं. उठला तर ते घर नातवंडांपर्यंत लक्षात ठेवतं. तुपात तांदूळ परतून त्यावर गरम रक्सी. मी दारूबंदीचा मुद्दा सविस्तर मांडला. आमा म्हणाली, "अगदी खरं दाजू, बंदच व्हायला हवी. संपवा, गार होतंय."

देउराली चंदनबारीच्या खाली आहे. तत्त्वाला धक्का नाही.

४ असोज, चंदनबारी

इथे लॉज बरीच. सगळी केली. सगळ्यांनी शब्द दिला.

चंदनबारी ही "चंदनबारीच्या वर" नाही. भाषणात हे स्पष्ट करायला हवं.

फूलमाया बाहेर ओट्यावर लोकर विणत बसली होती. बाहेर आलो तर म्हणाली, "मतं मागताय की चव घेताय?" लोकसंपर्क म्हणजे काय हे बायकांना समजावणं कठीण.

५ असोज, चंदनबारी

मुक्काम. शरीराला उंचीची सवय व्हायला एक दिवस द्यावा असं मी पाहुण्यांना सांगतोच. डोकं जड. चुलीचा धूर.

दुपारी छेवांग इथून गेला. पाठीवर खिडकीच्या काचा, घाम गळतोय. घराघरांतून हाका आल्या. पठ्ठ्या अंगणातूनच म्हणाला, "उतरताना बसतो, आमा," आणि चालू पडला. हा उद्दामपणा. माझ्या डोळ्यांदेखत त्याने अख्खी चंदनबारी गमावली.

६ असोज, चोलांगपाटी

आता आपण रेषेच्या वर. आजपासून ठाम नकार.

लॉजवाला म्हातारा गोंबू. मी चुलीपाशी उभं राहून पूर्ण भाषण केलं. हात वर करून म्हणालो, "हा हिमालय शुद्ध ठेवायचा तर आधी आपलं स्वयंपाकघर शुद्ध ठेवा." गोंबूच्या डोळ्यांत पाणी. (ओली लाकडं होती, पण सगळंच पाणी काही धुराचं नव्हे.) मग म्हणाला, "एवढं बोललात दाजू, घसा कोरडा पडला असेल." भरलेला ग्लास पुढे. त्या क्षणी नाही म्हणणं म्हणजे म्हाताऱ्याच्या अश्रूंचा अपमान.

तीव्र निषेध नोंदवून घेतला.

७ असोज, चोलांगपाटी, ऊन वर आल्यावर

उठायला उशीर. फूलमाया बूट बांधून तयार. म्हणाली, "आज लौरीबिना गाठलं नाही तर सभा चुकेल." मी म्हटलं, नेता पोचतो तेव्हा सभा सुरू होते. ती म्हणाली, "मग नेत्याने सावकाश यावं. मी पुढे होते. घरातलं कोणीतरी तिथे असायला हवं."

मत कुणाला द्यायचं ते नीट बजावलं. मी येईपर्यंत सभा थांबवायलाही सांगितलं. ती "बरं" म्हणाली. आज्ञाधारक आहे. डोकं अजून जड, मी उद्या निघेन.

८ असोज, लौरीबिना

चढ अंगावर येतो. चार पावलं, मग दम. लॉज सगळी जवळपास रिकामी, माणसं वर गेलेली. तरी प्रचार थांबवला नाही. थेट छेवांगच्याच घरात शिरलो. त्याची आई म्हणाली, "माझा पोरगा मुका रे. तू किती छान बोलतोस." विरोधकाच्या आईला आपल्याकडे वळवलं. तिला मत नाही, पण लाट कुठल्या दिशेने आहे ते कळतं.

तिने रक्सीचं पातेलं चुलीवरून उतरवलं तोवर ढग खाली आले. वाट दिसेना. अशा हवेत सभा नक्कीच पुढे ढकलली असणार.

९ असोज, गोसाइंकुंड

पोचलो. पाणी निळंशार. काठावर माणूस नाही. फूलमाया एका लॉजच्या पायरीवर उन्हात बसलेली.

सभा काल झाली.

छेवांग अध्यक्ष. दारूबंदीचा ठरावही एकमताने पास. मांडला छेवांगने, एका वाक्यात. मी विचारलं, मला किती मतं? ती म्हणाली, एकही नाही. देउराली, चंदनबारी, गोंबू, सगळ्यांनी शब्द दिला होता म्हटलं. ती म्हणाली, "सगळे तुमचं कौतुक करत होते. गोंबूबा तर म्हणाला, असा वक्ता पंचक्रोशीत नाही."

आणि आपल्या घराचं मत?

"छेवांगला. तो आला होता."

मग काठावर उभा राहून, टिपणाकडे न बघता, भाषण पूर्ण केलं. मधे कुणी उठून गेलं नाही. फूलमाया म्हणाली, "छान झालं. शेवटचा भाग तर फारच."

९ असोज, संध्याकाळ, चोलांगपाटी

शांतपणे पाहता माझा विचार जिंकला, हरलो फक्त मी. इतिहासात हे नेहमीचंच.

उतरताना एकाही दाराशी थांबलो नाही. निर्धार होता.

कुणी हाकही मारली नाही.