गणपतीच्या पोटातली नळी

जोहे,
नारळी पुनवेचा दुसरा दिवस

चि. शांतीस इंदुआजीचे पोटभर आशीर्वाद.

बंद पत्र बघून घाबरू नको, सगळी खुशाल हायत. कार्ड टाकलं की आमचा पोस्टमन जगन वाटेतच वाचतो, म्हणून जादा पैसे घातले. तर गोष्ट अशी, माळ्यावरून गणपतीचे जुने साचे काढताना माझ्या बाबांची पेटी सापडली. लाकडी, वर काच, पुढं पैसा टाकायची फट, बाजूला किल्ली आणि कानात घालायच्या दोन नळ्या. त्यांचं रबर पार भुगा झालंय. बाबा ती जत्रेत न्यायचे. पैसा टाकला की कानात गाणं. आत फिरणारी मेणाची नळी आता एकच उरलीय. बाबा मला सांगायचे, इंदू, तिच्यात तुझ्या आईचा आवाज धरून ठेवलाय. मी चार वर्षांची असताना आई गेली गो. तोंड थोडंफार आठवतं, आवाज नाय.

परवा तुमच्या रोह्याचा भंगारवाला हैबतराव आला. म्हणाला, हा मोडका वजनकाटा, देऊन टाका. वजनकाट्याकडं माणूस एवढं टक लावून बघतं काय? आमच्या सूनबाई शकूशी पण लय गोड बोलत होता. मला दोघांचा भरवसा नाय. तुझ्या शाळेत पुस्तकं हायत, पेटी काय हाय ते शोध. दूध पीत जा, मागल्या खेपेला हडकली होतीस.

तुझी माया अशीच राहू दे.
इंदुआजी

रोहे,
२९ ऑगस्ट १९६४

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

आमच्या दत्तात्रेय गुरुजींकडे यंत्रांचं एक जाड पुस्तक आहे. त्यात हुबेहूब तशीच पेटी सापडली. तिला फोनोग्राफ म्हणतात, तबकडीच्या बाजाच्याही आधीचा. मेणावरच्या बारीक रेघांतून सुई आवाज काढते. गुरुजी विचारतात, फटीत कोणतं नाणं चालतं? त्यावरून ती कुठल्या बाजारासाठी बनली ते कळेल. मेणाला बाहेरून बोट लावू नकोस, आतून दोन बोटांनी धर. चुलीपासून लांब ठेव. रबरी नळ्यांचं मी बघते.

असल्या वस्तूंवर टपलेले लोक असतात म्हणे, तेव्हा कुणाला दाखवू नकोस. शकूकाकूवर मात्र उगाच संशय घेऊ नकोस, ती बिचारी तुझे पाय चेपते.

आहे तो लोभ वाढवावा.
तुझी शांती

जोहे,
ऋषिपंचमी

चि. शांतीस आशीर्वाद.

नवा पैसा नुसताच घरंगळून खाली आला. जुना ढब्बू पैसा टाकला तसा खटका पडून चक्र फिरलं. म्हणजे आपल्याच लोकांसाठी केलेली हाय, सांग गुरुजींना.

आता घात झालाय तो ऐक. तुझं पत्र वाचून मी नळी कापसात गुंडाळली आणि एका पोकळ गणपतीच्या पोटात घातली. बैठकीखालचं भोक शाडूनं लिंपलं. मूर्तीच्या कानाचा टवका गेला होता, तसली कोण घेतंय, म्हणून तीच धरली. शकूनं कान जोडला, रंग दिला आणि मूर्ती विकली. कुणाला, तर हैबतरावाला. शंभर मूर्ती मांडलेल्या असताना त्यानं नेमकी तीच उचलावी? शकू म्हणते, तिनंच दाखवली. मग तर आणखीच संशय. आज ऋषीची भाजी घशाखाली उतरली नाय. त्याचा गणपती दहा दिवसांचा. नदीत गेला की आई गेली. तू जा, पण नळीचं नाव काढू नको.

म्हातारीला विसरू नको.
इंदुआजी

रोहे,
२१ सप्टेंबर १९६४

ती. आजीस शि. सा. न.

नळी शाबूत आहे, हे आधी वाच.

रोज आरतीला जाऊन मी वाकून वाकून मूर्तीच्या बुडाशी बघायची. पाचव्या दिवशी हैबतरावांनी मूर्तीचं चांदीचं जानवं काढून कपाटात ठेवलं. त्यांना मीच चोर वाटले. मग सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, पुजलेली मूर्ती उकरणार नाही, उत्तरपूजा होऊ दे. काल कुंडलिकेच्या काठावर त्यांनी बैठकीखालचा शाडू खरवडला आणि नळी आतून दोन बोटांनी धरून बाहेर काढली. कसं धरायचं ते त्यांना ठाऊक होतं, आजी. तुम्हाला हे कसं माहीत, मी विचारलं. ते एवढंच म्हणाले, “म्हातारीला सांग, वजनकाटा नाय हे मला पयल्याच दिवशी कळलं होतं.” मूर्तीचं मात्र त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनी गणपतीची शपथ घेतली.

रबरी नळ्या घेऊन ते स्वतःच येणार आहेत.

तुझी शांती

जोहे,
अविधवा नवमी

चि. शांतीस लाख आशीर्वाद.

काल हैबतराव आला. चहा दिला, पण पेटीजवळ मीच बसले, माणसाचं काय सांगावं. त्यानं नळ्या जोडल्या, किल्ली दिली. मी पैसा टाकला. आधी नुसती खरखर. मग एक बाई बोलली, “इंदू, हात नको लावू गो, मेण हाय ते.” पुढं ओवी धरली तिनं, दीड ओळीतच नळी संपली.

मी सहासष्ट वर्षांची बाई, काचेवर ठेवलेला हात झटकन मागं घेतला.

इंदू