चाळीस शंखांची हजेरी

८ जुलै
माकणीत पोचलो. धरणावरून गार वारा येतोय, सोयाबीन नुकतं दोन पानांवर आहे. निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी या अंबादास गुरुजींना पुन्हा नोकरी लागली, तीही कृषी खात्यासाठी गोगलगायी मोजायची! ही आफ्रिकेतून आलेली मोठी शंखी गोगलगाय. रोपं कापते, कागद खाते, शंख वाढवायला भिंतीचा चुना चाटते. काम सोपं आहे. बांधावर गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती पसरायची, सकाळी उलटून मोजायचं. शेतमालक गुंडाप्पानं शेतातली खोली दिलीय, ताजा चुना दिलेली. उशाशी माझ्या बायकोची, चंद्रप्रभाची वही. शाळेतल्या सगळ्या कविता तिनं आपल्या गोल अक्षरात उतरवल्या होत्या. ती गेल्यापासून रोज एक वाचतो.

११ जुलै
कोण किती फिरतं ते कळावं म्हणून चाळीस शंखांवर लाल नेलपॉलिशनं आकडे घातले. बाटली गुंडाप्पाच्या बायकोची, हरणाबाईंची. म्हणाल्या, म्हातारपणी शौक बरा लागला गुरुजींना. रोज हजेरी घेतो. सात नंबर दांडीबहाद्दर, अगदी माझ्या वर्गातल्या गोरोबासारखा.

१५ जुलै
नोंदी झाल्या. नियमाप्रमाणे सगळी चाळीस मीठ-चुन्याच्या खड्ड्यात पुरली. वर्ग सुटल्यावर रिकामी बाकं बघून वाटायचं, तसं वाटलं.

१७ जुलै
पोत्याखाली सात नंबर. आकडा माझाच, वळणही माझंच. खड्डा उकरला. मीठ जसंच्या तसं, चुना संपलेला, शंख एकही नाही. गुंडाप्पा म्हणाला, पुरताना गुरुजी कवितेत असतील. मीही हसलो.

१९ जुलै
चाळीसही हजर. खोलीच्या भिंती गुडघ्याएवढ्या चाटून माती उघडी पडलीय. दुपारच्या झोपेतून उठलो तर बोटांवर वाळलेला चिकट माग. नखं कागदासारखी वाकतात.

२० जुलै
दाराकडं पाठ करून उघडाच बसलो होतो. हरणाबाई भाकरी घेऊन आल्या आणि थबकल्या.
"गुरुजी, पाठीवर लाल एक्केचाळीस कुणी लिवलं?"
बाटली माझ्या पेटीत आहे. पेटीला कुलूप.

२१ जुलै
गुंडाप्पानं जबरदस्तीनं लोहाऱ्याला जाणाऱ्या जीपमध्ये बसवलं. स्टँडवर तुळजापूरची एसटी लागलेली. तिकिटासाठी पिशवीत हात घातला. गार, ओलं. सात नंबर. वहीच्या शिवणीत पिवळी अंडी, साबुदाण्यासारखी.
आफ्रिकेतून इथवर ही गोगलगाय अशीच आली असणार, कुणाच्या तरी सामानातून. आता माझ्या. तुळजापूरला घरी माझी नात नीरजा आहे, चार वर्षांची.
एसटी सोडून दिली. परत माकणी.

२२ जुलै
वही चुलीत घातली. गोल अक्षरं एकेक करून काळी झाली, अंडी तडतडली. मुळीच रडलो नाही. एकशे बारा कविता पाठ आहेत मला. कागद खाणाऱ्यांना त्या सापडायच्या नाहीत.
गुंडाप्पाला सांगितलं, बाहेरून कडी घाल. मी मोठ्यानं कविता म्हणत राहीन. आवाज थांबला की खोली छपरासकट पेटव. एकही शंख बाहेर जाता कामा नये. तो न्हाय म्हणाला. हरणाबाईंनी चुलीजवळचा रॉकेलचा डबा उचलला. मग म्हणाल्या, "व्हय गुरुजी."

२३ जुलै
पेन धरवत नाही — अंगठा मागं वळतो, आत हाड असल्यासारखं लागत नाही —
एकसष्टावी कविता. एक ओळ चुकलो, पहिल्यापासून म्हटली. चुकीची चालणार नाही.

२४ जुलै
दात मऊ — शब्द बोबडे. म्हणतोच आहे.
दाराशी रांग. एक ते चाळीस. सात नंबर सगळ्यात पुढं — आज वेळेवर —
मधे एक जागा मोकळी ठेवलीय.
एक्केचाळीस हजर आहे रे. पण तुमच्या रांगेत नाही —
बाहेर रॉकेलचा वास. थांबा हरणाबाई, अजून एक कविता राहिलीय — तिला आवडायची ती — ऐका —