लपवण्याजोगा माणूस

॥ श्री ॥
बारामती, ता. २८ सप्टेंबर १९५३

चि. आनंद यास चिंतामणमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे मुंबईचे पत्र पोचले. गिरणीत तुला सकाळी हजेरीला उभे करतात, दुपारी मैदानावर सोडतात आणि पगार मात्र सुताचा देतात, हे वाचून तुझ्या आईला काळजी वाटली व मला कुतूहल. माझ्याकडे मॅट्रिकला होतास तेव्हा संस्कृतची रूपे म्हणताना तुझे तोंड थांबे, पण पाय पाटाखाली हलतच असत. तेच पाय पुढे पोटाला घालतील असे कुठल्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

एक शंका आहे. मागे पुण्यास गेलो तेव्हा मुद्दाम फुटबॉलचा सामना पाहिला. सगळे चेंडूमागे धावत होते, ते समजले. एक जण मात्र पलीकडे एकटाच उभा. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी सांगितले की तो फॉरवर्ड. तूही फॉरवर्डच ना? मग तुला उभे राहण्याचे पैसे मिळतात काय? तसे असेल तर आमच्या शाळेत पुष्कळ फॉरवर्ड आहेत, काही शिक्षकांतही.

आता बूट घालून खेळावे लागते, ते चावतात का, असे आईने इंदापुराहून विचारले आहे. उत्तर सवडीने दे. लोभ मात्र सवडीवर टाकू नकोस.

तुझा मामा,
चिंतामण


हैदराबाद, १४ जुलै १९५४

ती. मामांस बालके आनंदचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्ता बदललेला पाहून रागावू नका. इथल्या क्लबाच्या लोकांनी मुंबईत माझा खेळ पाहिला आणि सरळ बोलावणंच धाडलं. कागदोपत्री मी इथं स्टोअरकीपर आहे. स्टोअर कुठं आहे ते अजून विचारलेलं नाही.

तुमच्या शंकेचं उत्तर असं. फॉरवर्डनं चेंडूमागे धावायचं नसतं. चेंडू जिथं अजून आलेला नाही पण येणार आहे, तिथं जाऊन थांबायचं. मात्र घाई करून समोरच्यांच्या शेवटच्या गड्यापलीकडे आधीच जाऊन उभं राहिलं, तर पंच शिट्टी फुंकतो. त्याला ऑफसाइड म्हणतात. आईला सांगा, बूट चावत नाहीत. मीच आता त्यांना चावून चावून मऊ केलंय.

गाव बदललं तरी आपला लोभ जुन्याच पत्त्यावर असू द्यावा.

आपला,
आनंद


इंदापूर, ९ एप्रिल १९५५

चि. चिंतू यास इंदिराताईचा आशीर्वाद.

संक्रांतीनंतर आनंदा कलकत्त्याला गेला, तिथून दर आठवड्याला पत्र यायचं. होळी झाली, पाडवा झाला, पत्र नाही. काल त्याच्या खोलीवरच्या मित्राचं इंग्रजी कार्ड आलं. वाचायला कोण? शेजारचे नारोपंत. मामलेदार कचेरीत अव्वल कारकून, त्यामुळे अर्ज वाचावा तसं त्यांनी ते दोनदा वाचलं. आनंदला लपवून ठेवलंय, काळजी नसावी, एवढंच त्यात होतं. मग चष्मा काढून हळूच विचारतात की वॉरंट कशाचं आहे. त्यांच्या नोकरीत माणूस दोनच कारणांनी दडतो म्हणे, एक वॉरंट आणि दुसरं वसुली.

भाजीवाला गेणू ओट्यावर टोपली घेऊन बसला होता. तो नारोपंतांच्या तोंडावर म्हणाला की रावसाहेब, आनंदानं कुनाचं काय बी केलं नसंल, त्यो तर नुसता हुबा ऱ्हातो, त्ये बी लांब. हे त्याला तूच शिकवलेलं. त्यावर नारोपंतांची मुलगी यशोदा दाराआड फिसकन हसली. मला राग आला, मग घरात आल्यावर माझं मलाच हसू आलं.

तू शिकलेला आहेस, शोध लाव. मला दोन घास जात नाहीत. मुलांना माझे पापे दे.

इंदिराताई


कलकत्ता, २० एप्रिल १९५५

ती. मामांस आनंदचा शि. सा. नमस्कार.

आईची आणि तुमची क्षमा मागतो. इथली रीतच तशी आहे. या दिवसांत सगळे खेळाडू एका कचेरीत जाऊन पुढच्या हंगामात कुठल्या क्लबाकडून खेळणार त्या कागदावर सही करतात. सही होईपर्यंत कुणीही कुणालाही फोडू शकतं. म्हणून ज्या क्लबाला जो गडी हवा, त्याला ते आधीच उचलून लपवतात.

मला नदीपलीकडे तागाच्या एका व्यापाऱ्याच्या बागेतल्या घरात ठेवलं होतं. दाराशी दोन पैलवान. मासे खात नाही म्हटल्यावर त्यांनी मला नुसत्या रसगुल्ल्यांवर जगवलं. पत्र टाकायची बंदी, कारण शिक्क्यावरून ठिकाण कळतं. सहीच्या दिवशी अंगावर शाल टाकून, बंद मोटारीतून, नवरी न्यावी तसं नेलं.

मामा, खरं सांगू? इतकं जपून मला कधी कुणी ठेवलं नव्हतं. ज्याला कुणी लपवत नाही त्याची इथं सगळे कीव करतात.

आईची समजूत घालावी, आणि माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नये.

आनंद


बारामती, ता. २ मे १९५५

चि. आनंद यास आशीर्वाद.

इंदापुरास जाऊन आलो. तुझी आई जेवली. नारोपंतांना सर्व प्रकार समक्ष समजावला. त्यांनी लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि जामीन कोण राहिला आहे, असे विचारले.

मला मात्र एक मौज वाटते. संन्यासी आठ महिने फिरतो आणि पावसाळ्यात एका जागी बसतो. तुमचा कलकत्त्याचा हंगामही पावसाळ्यातच, म्हणजे तुझाही चातुर्मासच म्हणायचा. फक्त संन्याशाला कोणी पळवून नेत नाही. पुढच्या चैत्रात लपण्याआधी आईला एक कार्ड टाकत जा.

मामा


बारामती, ता. १७ फेब्रुवारी १९५७

चि. आनंद यास आशीर्वाद.

आज थट्टा थोडी बाजूस ठेवतो. तुझ्या आईने नारोपंतांच्या यशोदेसाठी शब्द टाकला आहे. गेल्या वर्षी संक्रांतीला तू आठ दिवस घरी होतास, तेव्हा तिच्याकडे पाहत नव्हतास, हे सगळ्या आळीने पाहिले आहे. मुलगी वर्तमानपत्र बापाच्या आधी उघडते आणि शेवटच्या पानापासून वाचते, असे गेणू सांगतो.

अडले आहे ते नारोपंतांपाशी. त्यांनी बोटांवर मोजून दाखवले: मुंबई, हैदराबाद, कलकत्ता, आणि गेल्या वर्षी कलकत्त्यातच दुसरा क्लब. कामाचा माणूस साहेब सोडत नाही आणि तक्रारीचा माणूस साहेब ठेवत नाही, हे त्यांचे सूत्र. सबंध नोकरीत त्यांनी बदल्यांचे हुकूम लिहिले, त्यामुळे माणूस हलला की त्यांना ठपकाच दिसतो. मी वाद घातला, पण परतताना मोटारीत माझे मलाच वाटले की हे मलाही ठाऊक नाही. तुला लोक नेतात, की घालवतात?

जे असेल ते लिही. तुझे पत्र आहे तसे त्यांना वाचून दाखवीन. भाचा म्हणून एक अक्षर वाढवणार नाही आणि गाळणारही नाही.

मामा


कलकत्ता, १८ एप्रिल १९५७

ती. मामांस आनंदचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

सह्या होईपर्यंत उत्तर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. त्या काल संपल्या.

आजवर प्रत्येक वेळी मला नेलं. यंदा घालवलं. तसं कुणी बोललं नाही, फक्त न्यायला कुणी आलं नाही. गेल्या भाद्रपदात डावा गुडघा दुखावला, तो अजून वळताना अडकतो. आईला कळवलं नाही. शेजारच्या खोल्यांतले दोघे एकेक करून नाहीसे झाले. मी बॅग भरून खाटेवर बसून होतो. जिन्यावर पाऊल वाजलं की उठायचो, आणि धोबी दारात उभा असायचा. एकदा वाटलं, मित्राच्या मावशीकडे आपणच जाऊन दडावं. चार लोकांना वाटेल तरी की कुणी नेलं. मग लाज वाटली, गेलो नाही.

हेच नारोपंतांना वाचून दाखवा. यशोदेलाही. चेंडू येईल तिथं आधी जाऊन थांबणं एवढंच मला येतं. या वेळी मी थांबलो, चेंडू आला नाही. पुढं कुठं जावं ते सुचत नाही. घरी यावं, तर काय म्हणून यावं?

आपल्या पायांपाशी जागा ठेवावी.

आनंद


॥ श्री ॥
बारामती, ता. ६ मे १९५७

चि. आनंद यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवले, धोब्यासकट. तुझ्या आईने आधी मला फैलावर घेतले, जणू गुडघा माझाच आणि मीच तो लपवला. मग कोणता गुडघा ते पुन्हा विचारून हळद उगाळायला बसली. नारोपंतांनी पत्र मागून घेऊन स्वतः दोनदा वाचले. ठपका नाही, राजीनामा नाही आणि तरी माणूस रिकामा, असे कलम आपल्या पाहण्यात नाही, एवढेच शेवटी म्हणाले.

तेव्हा यशोदा बाहेर आली. वडिलांना म्हणाली की मावशीकडे जाऊन दडले असते तर इंदापुरात कुणाला कळलं असतं? खोटं सांगायची इतकी सोय असून जो माणूस खोलीवर बसून राहिला, त्याला जामीन कशाला हवा? आणि हे ओळखायला अव्वल कारकून व्हावं लागतं का? बापाला असे कोणी बोललेले मी प्रथमच ऐकले. नारोपंतांनी चष्मा पुसला.

पुढची हकीकत त्याहून नवलाची. इंदापूरच्या शाळेस खेळाचा मास्तर हवा आहे आणि नारोपंत शाळेच्या कमिटीवर आहेत, त्यांनी तुझे नाव सुचवले. पण गेणू भाजी घेऊन साखर कारखान्याच्या वसाहतीत जातो, आणि त्याच्या पोटात वांगेसुद्धा राहत नाही. कलकत्त्याचा आनंदा येतोय, हे त्याने तिकडे सांगून टाकले. कारखान्यालाही आपला संघ तयार करणारा माणूस हवाच होता. गुडघ्याचे ऐकून ते म्हणाले की आम्हाला गुडघा नको, डोके हवे. तू उतरशील तेव्हा त्यांची जीप भिगवण स्टेशनवर असणार, हे नक्की.

हे कळल्यापासून नारोपंतांना झोप नाही. ज्या गृहस्थाने जन्मभर फरारी माणसांच्या नोंदी केल्या, त्यांनी स्वतः बेत आखला आहे. तू भिगवणला उतरायचे नाहीस. दौंडलाच उतरायचे, मी फलाटावर असेन. तिथून छोट्या गाडीने बारामती आणि मग कळसला द्वारकाबाईंकडे, म्हणजे यशोदेच्या आत्याकडे. कमिटी बसून सही होईपर्यंत तिथेच राहायचे. पैलवान मिळाले नाहीत, पण द्वारकाबाईंना मी पाहिले आहे. पैलवानांची गरज पडणार नाही. रसगुल्ले नाहीत, पिठले आहे.

अंगावर घ्यायला यशोदेने शाल पाठवली आहे. वैशाखात पांघरावी लागेल, इलाज नाही. मात्र तिने अजून शालच दिली आहे, होकार दिलेला नाही. तेव्हा फार पुढे जाऊन उभा राहू नकोस. शिट्टी फुंकायला नारोपंत टपलेलेच आहेत.

पत्र मिळताच निघ. पत्राच्या शेवटी कळावे असे मी नेहमी लिहितो. या वेळी कोणालाही कळू नये, ही विनंती.

तुझा मामा,
चिंतामण