मंडपवाल्याचे निळे छप्पर

आंजी (मोठी), जि. वर्धा
जून महिना (तारीख टाकत नाही, कारण माझे सोबती गुलाबराव हे पत्र टपालात टाकण्याआधी खिशात किती दिवस फिरवतील याचा भरवसा नाही)

तीर्थस्वरूप पुंडलिकराव भाऊजींना,

हेमराजचा सविनय जय भीम. ताईला जय भीम सांगावा, पण पत्र दाखवू नये. तुमचा गुडघा आता कसा आहे? मागच्या खेपेला तुम्ही जिना उतरताना कठडा धरत होता, ते पाहून जिवाला लागले. (डॉक्टरांनी शिडी चढायला परवानगी दिली आहे का, तेही एकदा विचारून ठेवावे. आपले सहजच.) लेक मयुरी नागपूरला नर्सिंगच्या अभ्यासात आहे, छायाची तब्येत चांगली आहे, माझीही आहे. आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. आमच्या डोक्यावर जे आहे त्याची खुशाली मात्र पुढे सविस्तर लिहितो.

फोन का केला नाही असे तुम्ही म्हणाल. तुमच्याकडे फोन ताई उचलते, आणि ताईच्या कानात गेलेली गोष्ट नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पोचायला भाजीला फोडणी बसायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. शिवाय त्या गटावर माझ्या नव्या छपराचा फोटो मी स्वतःच टाकून बसलो आहे. छपरावर एक पाय, कमरेवर हात, डोक्याला दुपट्टा, असा तो फोटो. खाली 'स्वकष्टाने' असे लिहिले होते. सगळ्यांनी अभिनंदन केले, तुम्ही नुसता अंगठा दाखवलात. त्या अंगठ्याचा अर्थ मी तेव्हा कौतुक असा घेतला. आता तो फोटो काढून टाकता येत नाही, कारण काढला की का काढला असे ताई विचारणार.

आता मूळ गोष्ट. आमच्या वस्तीत वर्षावासातले ग्रंथवाचन घरोघरी फिरते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आषाढी पौर्णिमेला एका घरी सुरुवात होते आणि तीन महिने, रोज संध्याकाळी, आज याच्या घरी तर उद्या त्याच्या. फक्त आमचे घर सोडून. त्यात कोणाचा वाईटपणा नाही. आमचे कवेलूचे, जुन्या कौलांचे घर, चार थेंब पडले की आत आठ पडायचे. महिला मंडळाच्या जयवंताबाई दर वर्षी छायाला म्हणायच्या, "तुह्या घरी गळते बाई, राहू दे. तू खीर आणजो." आणि छाया दर वर्षी दुसऱ्याच्या स्लॅबखाली खीर घेऊन जायची. यंदा बैठकीत ती उठून उभी राहिली आणि म्हणाली की पौर्णिमेचे पहिले वाचन माझ्या घरी. मला हे विहारातून घरी येताना वाटेत कळले. त्या दिवशी तिने पांढरी नवी साडी आणली आणि खुंटीवर टांगून ठेवली, येता-जाता दिसावी अशी. मी त्या साडीकडे बघितले आणि माझ्यातला मर्द जागा झाला. (तो झोपलेलाच बरा होता, असे छायाचे मत आहे, पण ते तिने नंतर बनवले.)

छप्पर बदलायला मिस्त्री मिळत नव्हते असे नाही. मिळत होते. पण मयुरीच्या मावसबहिणीच्या लग्नात, भर पंगतीत, तुम्ही वरणाची वाटी हातात धरून म्हणाला होता की आमच्या साळ्याच्या हातानं खिळाही सरळ जात नाई. पंगत हसली. वाढपीसुद्धा हसला आणि मला बुंदी वाढायची विसरला. तेव्हाच मी मनाशी ठरवले होते की एक दिवस या हातांनी असे काही करून दाखवीन की तुमच्या पुलगावपर्यंत नाव जाईल. नाव गेले आहेच, पत्र मागून येते आहे.

शाळेला सुट्टी होती (लिपिकाला तशी नसते, पण मुख्याध्यापक गावाला गेले होते), तेव्हा कवेलू उतरवायला घेतले. वर्षानुवर्षांची काजळी, धूळ आणि विंचू यांनी आमच्याशी नवी ओळख करून घेतली. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी खाली उतरलो तर छायाने मला पाणी देण्याआधी नाव विचारले. गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस थांबून सल्ला देत होता. कोणी म्हणे लाकडी फाटे ठेवा, कोणी म्हणे काढा. लोखंडी पाइपांचा सांगाडा वेल्डिंगवाल्याने करून दिला (तो भाग अजून मजबूत आहे, त्याचे कारण तो मी केला नाही असे छाया सांगते). पत्रे निळे आणले, हे सांगायला नकोच. आमच्या गल्लीत लांब पत्रा वळत नाही, म्हणून आखूड आणले, म्हणजे उतारावर एकाखाली एक असे तीन. इथेच सगळे रामायण, म्हणजे आपल्या दृष्टीने महाभारत, सुरू झाले.

भाऊजी, तुम्ही मिस्त्रीकामातले जाणकार, पण मंडपातला माणूस तुम्ही नव्हे. वस्तीतल्या जयंतीचा मंडप कोण बांधतो? मी आणि गुलाबराव. चौदा एप्रिलला आमच्या मंडपाखाली अख्खे गाव जेवून जाते आणि आजवर एक गाठ सुटलेली नाही. मंडपाची आमची रीत ठरलेली आहे: सर्वात वरचे कापड आधी ताणायचे, मग त्याच्या खालचे त्याच्यावर ओढून घ्यायचे, म्हणजे जोड झाकला जातो, वर झालर शोभून दिसते. मी म्हटले, छप्पर म्हणजे तरी काय, टिनाचा मंडप. तसेच केले. आढ्याचा पत्रा पहिला, त्याच्यावर मधला, मधल्यावर खालचा. मोबाइलवर एका सरदारजीचा व्हिडिओ पाहिला होता, तो खालून सुरुवात करत होता. मला वाटले, बिचाऱ्याला उंचीची भीती असेल. गुलाबराव खाली शिडी धरून उभे होते, त्यांनी एकदा विचारले की पाणी इकडून वाहील की तिकडून. मी वरून म्हटले, गुलाबराव, तीस वर्षांत आपल्या मंडपात कधी पाणी आले आहे का? त्यावर त्यांनी शिडी आणखी घट्ट धरली. मुद्दाच असा होता.

सगळे स्क्रू मी मारले. रबराचे वायसर मी बसवले. एकही स्क्रू वाकडा गेला नाही, हे पुन्हा एकदा नमूद करतो आणि तुमच्या वरणाच्या वाटीची आठवण करून देतो. छप्पर रस्त्यावरून असे दिसत होते की दोन एसटी ड्रायव्हरांनी गाडी हळू केली. (एकाला म्हैस आडवी आली होती.)

आता खरे तर इथे गप्प बसायचे. पाऊस यंदा लांबला होता, पौर्णिमेला वेळ होता. पण हात दाखवून अवलक्षण कसे करावे हे माझ्याकडून शिकावे. छाया म्हणाली की एकदा पाणी मारून पाहा. मी म्हटले, नुसते पाहायचे कशाला, दाखवू. जयवंताबाईंसह अख्खे महिला मंडळ बोलावले. पौर्णिमेला जशा बसणार तशाच आत सतरंजीवर ओळीने बसवल्या, म्हणजे जागेचाही अंदाज येईल. काही जणी तर विहारातून सरळ आल्या होत्या, पांढऱ्या साड्यांत. मी मोटारीचा पाइप घेऊन आढ्यावर चढलो आणि गुलाबरावांना बटण दाबायला सांगितले.

भाऊजी, टिनावर पाण्याचा आवाज कसा होतो तुम्हाला माहीत आहे. वर आपला आवाज आपल्याला येत नाही. खालून गलका येत होता एवढे समजत होते. मला वाटले, बाया खूश झाल्या. तेव्हा मी सरकत सरकत दुसऱ्या टोकापर्यंत गेलो, कोणी राहून जाऊ नये म्हणून. पाणी आढ्यावरून उतरायचे, पहिल्या जोडाशी यायचे, आणि खालचा पत्रा वर असल्यामुळे अगदी इमानदारीने त्याच्या पोटात शिरायचे. दोन जोड, म्हणून आत दोन धारा, भिंतीपासून भिंतीपर्यंत सरळ रेषेत. बाया दोन ओळींत बसल्या होत्या. दोन्ही ओळी बरोबर धारांखाली आल्या. पाण्याची अशी शिस्त मी आमच्या शाळेच्या प्रार्थनेतही पाहिली नाही.

गुलाबरावांनी मोटार बंद केली तेव्हा मी वरून हात जोडून अभिवादन करत होतो. खाली उतरलो तर जयवंताबाई दारात पदर पिळत उभ्या होत्या.  सीताबाईकडे स्लॅब आहे, पाहू, एवढेच बाजूच्या बाईला म्हणाल्या आणि सगळ्या निघून गेल्या. मी छायाला सांगितले की नव्या टिनाला सुरुवातीला असा थोडा घाम येतो. ती सतरंजी पिळत होती. पिळता पिळता तिने वर पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि शांतपणे म्हणाली, "जयंती उन्हाळ्यात असते. वर्षावास पावसात असते. एवढं तरी ठाऊक होतं का तुमाले?"

तीस वर्षांच्या अनुभवातले भोक तिला एका क्षणात दिसले. आमच्या मंडपात पाणी कधी आले नाही, कारण आमच्या मंडपावर पाणी कधी पडलेच नाही. गुलाबरावांना हे मी सांगितले तेव्हा ते म्हणाले की मग आपला मंडप अजून पास झालाच नाई म्हणा.

तर असा सगळा वृत्तांत आहे. काळजीचे काहीच कारण नाही. पत्रे काढून उलट क्रमाने लावायचे, एवढेच काम आहे. जुनी भोके आता नको त्या जागी येतील, पण पंक्चरवाल्याकडचे सोल्यूशन काय कामाचे मग? माझे मीच करीन. तुम्ही मुळीच येऊ नये, गुडघ्याला जपावे. हे पत्र केवळ माहितीसाठी आहे.

ताईला, लेकरांना माझा जय भीम. तुमच्या आशीर्वादाखाली (सध्या दुसरे काही वर नाही म्हणून),

आपला साळा,
हेमराज

ता.क. येत्या रविवारी तुम्ही आंजीकडे सहज फिरकलात तर बरे होईल. येताना तुमच्या पान्यांची पेटी सहज सोबत आणावी. मी बोलावले असे छायासमोर म्हणू नये, केळझरच्या गणपतीला आलो होतो म्हणावे. (तुम्ही गणपतीला जात नाही आणि केळझर वाटेवर नाही, हे मला माहीत आहे. घाईत दुसरे सुचत नाही.) खरे सांगतो भाऊजी, मला पत्रे उचकटायची भीती वाटते. छपराची नाही वाटत. छाया मला रागावली नाही, त्याची वाटते. रागावली असती तर मी उलटून बोललो असतो, दोघे जेवलो असतो, संपले असते. तिने नुसती ती पांढरी साडी खुंटीवरून काढली, घडी केली आणि पेटीत तळाशी ठेवली. मी ते पाहिले आणि मला फार वाईट वाटले. तेव्हापासून मी घरात असून नसल्यासारखा आहे.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात जयवंताबाई आल्या. मी मागच्या दाराने शिडी गाठून छपरावर गेलो. या छपराचा एक गुण मानला पाहिजे, जोडांच्या फटीतून आतले सगळे स्वच्छ ऐकू येते. चहा झाला. मग जयवंताबाई म्हणाल्या, "छाया, इतकी वर्षं तुह्या घरी बसलो नाई, काऊन, तर पाणी येते म्हणून. परवा बसलो, वल्ले झालो, कोणी मेलं नाई. पुनवेले इथंच बसू. ग्रंथाले तेवढी छत्री धरू."  मग पेटीचे झाकण उघडल्याचा आवाज आला. भाऊजी, माझ्या डोळ्यांत पाणी आले, आणि छप्पर माझे असल्यामुळे तेही आत गळेल की काय म्हणून मी दुपट्ट्याने पुसून घेतले.

ता.क. तिसरा आणि शेवटचा. पण छाया पुढे काय म्हणाली ते ऐका. "छत्र्या नका आणू बाई. मी त्याच दिवशी वन्संले फोन केला. भाऊजी रविवारी येऊन राह्यले, पाने घेऊन." म्हणजे तुम्हाला सगळे ताईकडून आधीपासूनच ठाऊक आहे, आणि हे पत्र मी उगीच लिहिले. तेव्हा केळझरचे राहू द्या. रविवारी सरळ या, आणि दारातच छायाला ऐकू जाईल असे मोठ्याने म्हणा, की हेमराजने बोलावले म्हणून आलो.